कॅमकॉर्डरच्या कॅसेटची डीव्हीडी केली पण नीट चालत नाही? तपासायला कुठून सुरुवात करायची

घर रिडेव्हलपमेंटला गेलं की माळ्यावरचा तो एक खोका निघतोच. आत मिनीडीव्ही नाहीतर हाय-एटच्या कॅसेट, वर पेनाने लिहिलेलं 'मुंज', 'बारसं', 'गणपती ९८', आणि मग सगळ्यांचं ठरतं की याची डीव्हीडी करूया म्हणजे आजीला तिच्या टीव्हीवर बघता येईल. डीव्हीडी होते पण, आणि मग फोन सुरू होतात, प्लेयर घेतच नाही, आवाज मागे राहतो, चित्र फाटतं. नात्यात आणि बिल्डिंगमध्ये हे काम मी वर्षानुवर्षं करून देतेय आणि बिघाड फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

आधी लक्षणं बघा, तुमचं यातलं कुठलं ते ओळखा:

- कॉम्प्युटरवर डिस्क उघडते पण टीव्हीच्या प्लेयरमध्ये 'नो डिस्क' नाहीतर 'डिस्क एरर' येतं
- डिस्क सुरू होते, छान चालते, आणि शेवटाकडे अडकायला लागते
- ओठ आधी हलतात आणि आवाज नंतर येतो (सुरुवातीला बरोबर असतं आणि पुढे पुढे फरक वाढत जातो, की पहिल्यापासून तेवढाच फरक आहे, हे नक्की बघून ठेवा)
- चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतं किंवा वरखाली गडगडतं
- माणूस हलला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात
- कॅप्चर (टेप चालवून ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणं) साधारण वीस मिनिटांनी आपोआप थांबतं
- कॉम्प्युटरला कॅमेरा दिसतच नाही
- चित्रात चौकोन, आडवे पट्टे, किंवा नुसता निळा स्क्रीन
- कॅमेरा कॅसेट घेत नाही, स्क्रीनवर सी:२१, सी:३१ असलं काहीतरी येतं

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक लोक काही बिघडलं की पहिलं काय करतात, तर कॅसेट परत कॅमेऱ्यात घालून परत पहिल्यापासून कॅप्चर करतात. हे करू नका प्लीज. तपासणी उलटी करायची, आधी डिस्क, मग फाईल, मग केबल, मग कॅमेरा आणि टेप एकदम शेवटी. डिस्क काही रुपयांची आहे, फाईल दहा वेळा कन्व्हर्ट करता येते, पण टेप एकच आहे, दरवेळी ती कॅमेऱ्यातल्या फिरणाऱ्या हेडवर (टेप वाचणारा भाग) घासते आणि वीस-पंचवीस वर्षं मुंबईच्या दमट हवेत राहिलेली टेप कुठल्या वेळेला अडकेल ते सांगता येत नाही. आणि खरं सांगायचं तर दोष बहुतेक वेळा टेपमध्ये नसतोच, डिस्क बनवताना काहीतरी राहिलेलं असतं.

डिस्कपासून सुरुवात

मऊ कपड्याने डिस्क मधून बाहेरच्या दिशेने पुसा (गोल गोल नाही) आणि परत लावून बघा. नाही चालली तर दुसऱ्या कुणाच्या तरी प्लेयरमध्ये लावा. इथे एक समजून घ्या, दुकानातली सिनेमाची डीव्हीडी छापलेली असते आणि आपण घरी बर्न केलेली त्यापेक्षा कमी प्रकाश परत फेकते, त्यामुळे जुन्या प्लेयरची लेसर दमलेली असेल तर सिनेमा चालतो आणि आपली डिस्क चालत नाही. म्हणजे 'प्लेयर चांगला आहे, कालच पिक्चर बघितला' यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसऱ्या प्लेयरवरही नाही? मग डिस्क कॉम्प्युटरमध्ये घाला आणि आत काय आहे ते बघा. एकच मोठी एमपी४ किंवा एव्हीआय फाईल दिसली तर प्रश्न तिथेच संपला, ती डेटा डिस्क झालीय, व्हिडिओ डीव्हीडी नाही. साध्या प्लेयरला 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर लागतं आणि त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा फाईली लागतात. 'ऑडिओ टीएस' फोल्डर रिकामं असलं तर घाबरू नका, ते तसंच असतं. विंडोजमध्ये डिस्क घातल्यावर जे विचारतं ना, यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी/डीव्हीडी प्लेयरसाठी, तिथे बरेच जण पहिला ऑप्शन दाबतात आणि ती डिस्क प्लेयर वाचत नाही. पण दुसरा ऑप्शन दाबून नुसती एमपी४ टाकली तरी साध्या प्लेयरचं काम होत नाहीच, कारण त्याला एमपीईजी-२ मधला व्हिडिओ हवा असतो. विंडोज ७ पर्यंत डीव्हीडी मेकर सोबत यायचा, ८ पासून तो काढला, तेव्हापासून हा घोळ जास्त होतो. आता फुकटात डीव्हीडी स्टायलर वापरा, त्यात पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) निवडा, तो फोल्डर बरोबर बनवून देतो, आणि इमेजबर्नने बर्न करून शेवटी व्हेरिफाय होऊ द्या.

फोल्डर बरोबर असूनही चालत नसेल तर डिस्क फायनलाइज झालीय का बघा, जी डिस्क अजून 'यात भर घालता येईल' अशी उघडी ठेवलेली असते ती कॉम्प्युटर वाचतो आणि प्लेयर नाकारतो. टीव्हीला लावायच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर बनवली असेल तर फायनलाइज त्याच मशीनच्या मेनूतून करावं लागतं.

मग डिस्कची जात. डीव्हीडी-आर घ्या, प्लसवाली नको आणि आरडब्ल्यू तर नकोच, जुने प्लेयर मायनस-आर सगळ्यात जास्त घेतात. मोझर बेअरच्या डिस्क एकेकाळी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळायच्या, आता कंपनीच राहिली नाही आणि दुकानांमध्ये जो माल आहे तो कितीतरी वर्षं पडून असलेला असू शकतो, म्हणून अख्खा डबा उचलण्याआधी दोन डिस्क घेऊन करून बघा. बर्न करताना स्पीड ४एक्स किंवा ८एक्स ठेवा, १६ वर घाई करू नका. कागदी लेबल चिकटवू नका, डिस्कचा तोल जातो, सीडी मार्करने लिहा.

शेवटाकडे अडकणारी डिस्क म्हणजे बहुतेक वेळा ठासून भरलेली डिस्क. ४.७ जीबी लिहिलेलं असतं पण कॉम्प्युटर ती ४.३८ जीबीच दाखवतो, आणि अगदी बाहेरच्या कडेला बर्न सगळ्यात कच्चं होतं. थोडी जागा सोडा. बिटरेटचा (व्हिडिओला सेकंदाला किती डेटा मिळतो त्याचा) ढोबळ हिशोब असा, एक तासाला ८ एमबीपीएस, दीड तासाला ६, दोन तासांना साडेचार. दोन तासांच्या वर एका डिस्कवर नेऊ नका, तीन तास कोंबले की वरातीत नाचणाऱ्या माणसांचे नुसते चौकोन दिसतात आणि लोक म्हणतात टेप खराब झाली! टेप ठणठणीत असते, बिटरेट मेलेला असतो. लग्नाच्या तीन कॅसेट असतील तर सरळ तीन डिस्क करा.

डिस्क ठीक आहे, मग फाईल

कॅप्चर केलेली मूळ फाईल व्हीएलसीमध्ये लावा. तिथे आवाज-चित्र बरोबर असेल तर दोष कन्व्हर्जनचा, टेपला हात लावायची गरज नाही. मिनीडीव्हीवाल्यांनी इथे एक गोष्ट बघायची, बऱ्याच कॅमेऱ्यांवर ऑडिओ १२ बिटवर सेट असायचा, तेव्हा आवाज ३२ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड होतो आणि डीव्हीडीला ४८ लागतो. काही सॉफ्टवेअर हा बदल नीट करत नाहीत आणि आवाज घसरत जातो. उपाय सोपा, आधी आवाज वेगळा काढून ४८ वर नेऊन घ्या, मग डीव्हीडी बनवा.

फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर तेवढा आवाज पुढेमागे सरकवला की झालं. फरक वाढत जात असेल आणि तोही मूळ फाईलमध्येच, तर कॅप्चर करताना फ्रेम गळल्यात. कॅप्चर सॉफ्टवेअर ड्रॉप्ड फ्रेमचा आकडा दाखवतं तो बघायची सवय लावा, शून्य हवा. कॅप्चर चालू असताना अँटीव्हायरसचं स्कॅनिंग, स्लीप मोड, दुसरं डाउनलोड, सगळं बंद. यूएसबीच्या कॅप्चर स्टिकने घेत असाल तर आवाजही त्याच स्टिकमधून घ्या, चित्र स्टिकमधून आणि आवाज लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून असं केलं तर दोघांची घड्याळं वेगळी पडतात आणि तासाभरात फरक दिसायला लागतो.

वीस मिनिटांनी थांबणाऱ्या कॅप्चरचं कारण जवळजवळ नेहमी एकच. एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल बसतच नाही. डीव्हीचा (मिनीडीव्ही टेपवरच्या डिजिटल व्हिडिओचा) एक तास म्हणजे साधारण १३ जीबी, म्हणजे ४ जीबी वीसेक मिनिटांत भरतात. त्यातला डेटा दुसरीकडे काढून ठेवा आणि एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. लोक यासाठी नवीन कॅमेरा शोधायला लागतात आणि काम पाच मिनिटांचं असतं.

चित्र ब्लॅक अँड व्हाइट किंवा गडगडणारं असेल तर कॅप्चरची सेटिंग एनटीएससीवर (अमेरिकेतली पद्धत) राहिलीय. आपल्याकडे पाल, सेकंदाला २५ फ्रेम, ७२० बाय ५७६. ओबीएस या सॉफ्टवेअरने कॅप्चर करत असाल तर त्यात पाल बी निवडा. दुबई-मस्कतहून आणलेले कॅमेरे बहुतेक पालच असतात, पण अमेरिकेतल्या मामाने तिकडून पाठवलेली कॅसेट एनटीएससी असते, आणि आपले बहुतेक पाल कॅमेरे ती नीट वाजवत नाहीत. त्यासाठी एनटीएससी कॅमेराच लागतो, सेटिंग कितीही बदलली तरी उपयोग नाही.

कंगव्यासारख्या रेघा हा दोष नाही. टेपवरचं चित्र इंटरलेस्ड असतं, एक फ्रेम दोन अर्ध्या भागांत (त्यांना फील्ड म्हणतात), आणि कॉम्प्युटरचा स्क्रीन दोन्ही एकदम दाखवतो. डीव्हीडीसाठी ते तसंच राहू द्या, टीव्ही सांभाळून घेतो. मोबाईलवर पाठवायची फाईल असेल तरच डीइंटरलेस करा. डीव्हीडीवर हालचाल पुढेमागे थरथरत असेल तर मात्र फील्डचा क्रम उलटा लागलाय, डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं, ती सेटिंग बदला.

केबल आणि पोर्ट

मिनीडीव्ही किंवा डिजिटल-एट (हाय-एट कॅसेटवरच डिजिटल रेकॉर्ड करणारा) कॅमेरा कॉम्प्युटरला दिसत नसेल तर पहिला प्रश्न, केबल कुठल्या भोकात लावलीय? कॅमेऱ्यावर यूएसबी असतो पण तो बहुतेक मॉडेलमध्ये मेमरी कार्डातले फोटो काढण्यापुरता किंवा हलक्या प्रतीच्या व्हिडिओसाठी. टेपचा खरा व्हिडिओ फायरवायरमधून येतो, सोनीवर त्याला आय-लिंक लिहिलेलं असतं, चार पिनांचं छोटं चौकोनी भोक. कॅमेरा प्ले किंवा व्हीसीआर मोडवर हवा, कॅमेरा मोडवर नाही, आणि बॅटरीवर नाही तर अ‍ॅडॅप्टरवर.

ऑनलाइन 'फायरवायर टू यूएसबी' नावाची एक स्वस्त पिन मिळते. घेऊ नका. ती या कामाला चालत नाही, चालूच शकत नाही, नुसत्या तारा जोडल्या म्हणून दोन वेगळ्या पद्धती एकमेकांशी बोलत नाहीत. डेस्कटॉप असेल तर फायरवायरचं पीसीआय-एक्सप्रेस कार्ड लावा, विंडोज १० वर त्याला बऱ्याचदा जुना 'लेगसी' ड्रायव्हर टाकावा लागतो, आणि विनडीव्हीसारखं छोटं फुकट सॉफ्टवेअर काम करतं. जुना एखादा लॅपटॉप किंवा मॅक ज्याला हे पोर्ट आहे तो कुणाकडे पडला असेल तर त्याहून उत्तम. एक काळजी घ्या, फायरवायर लावताना-काढताना कॅमेरा बंद ठेवा आणि मोठी सहा पिनांची बाजू उलटी दाबू नका, त्यातून वीज जाते आणि कॅमेऱ्याचं पोर्ट जळतं.

हाय-एट, व्हिडिओ-एटला फायरवायर नसतो, तिथे पिवळी-पांढरी-लाल एव्ही केबल. चित्र नाही आणि स्पीकरमधून नुसती घुंऽऽ आली तर केबल दुसऱ्या कंपनीची आहे, ३.५ मिमीच्या पिनेवरचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. पिवळ्याच्या जागी लाल लावून बघा, बऱ्याचदा तिथे चित्र सापडतं आणि नवीन केबल घ्यावी लागत नाही. चित्र हलतंय, कडा वाकड्या दिसतायत असं असेल तर कुणाकडे डिजिटल-एट कॅमेरा आहे का विचारा, त्यातली काही मॉडेल जुनी हाय-एट कॅसेट वाजवतात आणि फायरवायरने बाहेर देतात, चित्र एकदम स्थिर येतं. मला विचाराल तर हाय-एटसाठी याहून चांगला मार्ग घरच्या घरी नाही.

जाता जाता, व्हीएचएस-सी ची छोटी कॅसेट अ‍ॅडॅप्टरमध्ये घालून व्हीसीआरमध्ये चालते. तसा अ‍ॅडॅप्टर हाय-एट किंवा मिनीडीव्हीसाठी नसतो, कुणी विकत असेल तर घेऊ नका.

कॅमेरा

चौकोन आणि पट्टे दिसले की लगेच क्लीनिंग कॅसेट घालू नका. आधी त्याच कॅमेऱ्यावर घेतलेली दुसरी, कमी महत्त्वाची कॅसेट लावा. दुसरीही तशीच दिसली तर हेड घाण झालंय, दुसरी स्वच्छ दिसली तर दोष पहिल्या टेपचा. हे बघायला पैसे लागत नाहीत, आणि कोरडी क्लीनिंग कॅसेट हेडला घासून साफ करते म्हणून ती उगाच वापरायची वस्तू नाही. वापरायचीच तर पाच-दहा सेकंद, पाकिटावर लिहिलंय तेवढंच, आणि तिचं रिवाइंड करून परत तोच भाग वापरू नका. कापसाची काडी आणि स्पिरिट घेऊन हेड पुसायला अजिबात जाऊ नका, कापसाचा धागा हेडमध्ये अडकला की हेड गेलं.

नुसता निळा स्क्रीन असेल तर कॅसेट कशात रेकॉर्ड झालीय ते आठवा. डिजिटल-एट १९९९ ला आलं पण ते त्याच हाय-एट कॅसेटवर रेकॉर्ड करतं, वरून बघून कळत नाही, आणि साध्या हाय-एट कॅमेऱ्यात ती लावली की चित्र येत नाही. टेप कोरी झाली म्हणून फेकून देणारे लोक मला भेटलेत, कृपा करून फेकू नका. मिनीडीव्हीत एलपी मोडवर घेतलेली कॅसेट (६० मिनिटांच्या टेपवर ९० मिनिटं) अनेकदा ज्या कॅमेऱ्यावर घेतली त्याच्यावरच नीट चालते, तेव्हा आधी घरातला मूळ कॅमेरा शोधा.

सोनीवर सी:२१ आलं म्हणजे आत दमटपणा धरलाय, एसी खोलीतून बाहेर आणला की जुलै-ऑगस्टमध्ये हमखास. कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवून तासभर तरी थांबा. हेअर ड्रायर नको. सी:२२ म्हणजे हेड साफ करा. सी:३१ किंवा सी:३२ आलं तर बॅटरी आणि अ‍ॅडॅप्टर दोन्ही काढा, थोड्या वेळाने लावा, कॅसेट काढून परत घाला, एवढंच. परत तेच आलं तर तिथे थांबा.

टेप, आणि कुठे थांबायचं

कॅसेट घालण्याआधी खिडकीतून टॉर्च मारून बघा. गुंडाळलेल्या टेपच्या कडेवर पांढरे-करडे ठिपके, जाळीसारखं काही, किंवा कुबट वास असेल तर ती बुरशी. अशी कॅसेट कुठल्याही कॅमेऱ्यात घालू नका. एकदा घातली की बुरशी हेडवर बसते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत बंद करा, बाकीच्यांपासून लांब ठेवा, आणि सरळ माहितगार माणसाकडे द्या. स्वच्छ दिसणारी पण वर्षानुवर्षं न लावलेली टेप असेल तर प्ले करण्याआधी एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड करून परत रिवाइंड करा, चिकटलेली वेटोळी सुटतात. चर्र आवाज आला किंवा फिरता फिरता मंदावली तर लगेच बंद.

हातातलं काम खाली ठेवून माणूस बोलवायचा तो या वेळी: बुरशी दिसली, टेप आत गुंतली आणि झाकण उघडत नाही (चिमट्याने ओढू नका, अडकलेली टेप मेकॅनिक सोडवतो, ओढून तुटलेली जोडली तरी तेवढा भाग गेलाच), टेप तुटली, सी:३१ परत परत येतंय, किंवा नव्वदच्या दशकातला कॅमेरा चालू होऊन लगेच बंद पडतोय, कारण त्यातले कपॅसिटर गळतात आणि ते घरी बदलायचं काम नाही.

मुंबईत कॅमेरा दुरुस्तीसाठी फोर्टातली बोरा बझार आणि सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड, तिथे विचारत विचारत जुन्या माणसापर्यंत पोचता येतं. लग्नाचं शूटिंग करणारे जुने स्टुडिओवालेही बघा, त्यांच्याकडे चालू डेक (टेप वाजवायची मशीन) असतात. उशीर मात्र करू नका, फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, कॅमकॉर्डरचे सुटे भाग तर आता दुसरा मेलेला कॅमेरा उघडूनच मिळतात, आणि जे मेकॅनिक हे जाणतात ते रिटायर होतायत.

दुकानात देताना विचारा, मिनीडीव्ही फायरवायरने घेणार की एव्ही केबलने? एव्ही म्हणाले तर दुसरीकडे जा, डिजिटल टेप उगाच अ‍ॅनालॉग होते. नुसती डीव्हीडी घेऊ नका, सोबत मूळ डीव्ही फाईल तुमच्या हार्ड डिस्कवर मागा, नाहीतर डिस्क खराब झाली की परत टेप चालवावी लागेल. सगळा खोका एकदम देऊ नका, एक कॅसेट द्या, आणि ती परत घेताना तिथेच लॅपटॉपवर फाईल उघडून पहिली, मधली आणि शेवटची पाच-पाच मिनिटं आवाजासकट बघा, बरोबर असेल तरच बाकीच्या कॅसेट द्या.